इस्त्रीवर उठणारे सर्किट बोर्ड

तलासरी भागातील अनेक होतकरू तरुण आय.टी.आय. करून उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यांची वाट धरतात. त्यांच्यापैकी ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी आहे त्यांनी छापील सर्किट बोर्ड घरी बनविण्याचा हुन्नर जरूर शिकावा. जुन्या यंत्राचे बोर्ड जळाले व बाजारात मिळाले नाही, तर चांगले यंत्र भंगारात जाते. एका नगासाठी बोर्डाचा कारखानदार फारसा उत्सुक नसतो. नेमकी तेथेच छोट्या कारागिराला जागा आहे. शेजारी डहाणू-चिंचणीकडे दागिन्यांचे डाय घरोघरी कोरले जातातच.

कापडवाल्याला ही रीत चटकन समजेल. बाटिकमध्ये मेणाखाली रंग चढत नाही. येथे टोनरखालचे तांबे विरघळत नाही. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी, ती उष्णतेने वितळते. इंकजेटच्या शाईने हे काम होणार नाही.

नकाशा आरशात दिसतो तसा उलटा, चकचकीत कागदावर गडद छापावा. तांबे चढविलेली पाटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. ती बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावी. बोटाचा तेलकटपणा राहिला की छाप धरत नाही. कागद पालथा ठेवून वाफेविना गरम इस्त्री काही मिनिटे दाबून फिरवावी. बहुतेकांचे काम कडांवर बिघडते. पाटी थंड झाल्यावर पाण्यात भिजवून कागद चोळून काढावा, तुटलेली रेघ पक्क्या मार्करने जोडावी. मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उघडे तांबे विरघळू द्यावे, ॲसिटोनने टोनर पुसावा आणि सुमारे १ मि.मी.ची भोके पाडावीत.

हे द्रावण प्लास्टिकच्याच भांड्यात ठेवावे. हातमोजे, चष्मा हवाच. कपड्यावरचा त्याचा डाग कोणत्याही साबणाला दाद देत नाही! वापरलेल्या द्रावणात तांबे असते; ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालवणे होय.

अर्धा मि.मी.पर्यंतच्या रेघा सरावाने नीट येतात. त्याहून नाजूक किंवा भोकांच्या आतून तांबे चढविलेले दुहेरी बोर्ड कारखान्यातूनच करवून घ्यावे. २३० व्होल्टच्या रेघांत अंतर भरपूर सोडावे.

भाव सांगताना पाटीचे दाम धरू नका. जळक्या बोर्डावरून नकाशा उतरविण्याची मजुरी धरा; खरी मेहनत तीच आहे. किकॅड हा मोफत प्रोग्राम त्यासाठी पुरेसा आहे. नकाशा संगणकात जपून ठेवावा. तशाच यंत्राचा दुसरा गिऱ्हाईक आला तर बोर्ड एका दुपारात तयार होते, आणि पन्नास नगांची मागणी आली तर तोच नकाशा कारखान्याला देता येतो.