मज्जारोपणानंतरचा सांधेबदल

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी भेटावयास आला. शाळेत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. धाकट्या बहिणीची अस्थिमज्जा त्याला देण्यात आली आणि तो त्यातून उठला. आता त्याचे वय अवघे बावीस. परंतु कठड्याला धरून तो एकेक पायरी चढत होता. "सर, दुखणे गेले, पण जाताना खुबा घेऊन गेले," असे तो हसत म्हणाला. खुबे आणि गुडघे बदलावयाचे ते म्हाताऱ्यांचे, अशी माझी समजूत होती. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. तरी त्या दिवसापासून वाचून व जाणत्यांना विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

मटणाची नळी ज्यांनी चोखली आहे, त्यांना मज्जा म्हणजे काय हे सांगावयास नको. माणसाच्या रक्तातील बहुतेक पेशी हाडांतील मज्जेतच जन्म घेतात. ही मज्जाच बिघडली, तर तीव्र औषधांनी, क्वचित किरणांनीही, ती नष्ट करतात आणि दात्याच्या मूळ पेशी शिरेवाटे रुग्णाला देतात. त्या पेशी आपण होऊन हाडांतील घर शोधून काढतात. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी या उपचाराचे पहिले प्रयत्न १९५७ साली प्रसिद्ध केले व १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली हे रोपण सुरू झाले.

पण आलेला पाहुणा कधी कधी यजमानावरच उलटतो. दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत यांना परकी समजून त्यांच्यावर हल्ला करतात. त्यांना आवरण्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते, आणि तेही पुष्कळदा महिनोन् महिने. जीव त्यानेच वाचतो; परंतु सांध्यांचे दुखणे बव्हंशी तेथूनच सुरू होते.

मांडीच्या हाडाचा वरचा गोल कमरेच्या उखळीत फिरतो. त्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या बारीक व मोजक्या. पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखी त्याची स्थिती असते. वर कोठे अडले, की प्रथम कोरडे पडते ते हेच. स्टेरॉइडमुळे हाडातील चरबी वाढते, सूक्ष्म वाहिन्या दबतात किंवा तुंबतात, आणि त्या भागातील हाड मरते. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. काही महिने, प्रसंगी काही वर्षे, ते भार सोसत राहते आणि मग गोल खचतो. पुष्कळदा दोन्ही खुबे सापडतात. गुडघ्याजवळचे हाडही याच रीतीने मरू शकते.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खुब्याचे हे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, कधी तर केवळ गुडघ्यात! घरचे लोक गुडघ्याला तेल चोळीत बसतात. साधा क्ष-किरण फोटोही आरंभी निर्दोष येतो. एमआरआय तपासणीत मात्र मृत भाग आधीच दिसतो. गोल खचण्यापूर्वी कळले, तर हाडाला भोक पाडून आतील दाब कमी करण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते. ती नेहमीच यशस्वी होते असे नाही. पण खचल्यावर तेवढीही सोय उरत नाही. माझा विद्यार्थी सात महिने लंगडत होता आणि त्याने कोणाला सांगितले नव्हते. आईबापांनी इतके सोसले, आता आणखी काय सांगावयाचे, असे त्याला वाटे.

गोल खचला म्हणजे सांधा बदलणे आले. आजच्या पद्धतीचा पाया इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी उखळीसाठी प्रथम टेफ्लॉन वापरले. ते काही वर्षांतच झिजले व शेकडो शस्त्रक्रिया वाया गेल्या. पुढे यंत्रमागाच्या चाकांसाठी वापरले जाणारे घट्ट पॉलिएथिलिन त्यांच्या हाती आले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची पहिली उखळी बसली. शहापूर-वडगावच्या मागांची खडखड ऐकत वाढलेल्या आम्हा बेळगावकरांना याचे विशेष कौतुक वाटावे! आज बसविलेल्या खुब्यांपैकी निम्म्याहून अधिक पंचवीस वर्षे टिकतात. मात्र हा हिशेब मुख्यतः वृद्धांचा आहे; बाविसाव्या वर्षी खुबा बदलणाऱ्याने आयुष्यात पुन्हा एकदा तरी शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी.

मज्जारोपण झालेल्यास ही शस्त्रक्रिया वर्ज्य नाही. परंतु अस्थिवैद्याने ती रक्तरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून करू नये. अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती उणी असू शकते, आणि कृत्रिम सांध्यावर जंतूंनी ठाण मांडले, तर प्रसंगी सांधाच काढावा लागतो. म्हणून किडलेला दात, पायाची जखम आधी बरी करून घेतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्याने ते मनाने थांबवू नये व भूल देणाऱ्यास त्याची कल्पना द्यावी. शस्त्रक्रियेचा ताण पेलण्यास लागणारा स्राव त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नसण्याचा संभव असतो.

आणि रक्ताचे काय? रक्त चढवावे लागले, तर अशा रुग्णासाठी ते बहुधा किरणांनी संस्कारित करून घेतात; नाही तर त्यातील पांढऱ्या पेशी पुन्हा तोच हल्ला आरंभू शकतात. शिवाय दात्याचा रक्तगट वेगळा असेल, तर रोपणानंतर रुग्णाचा गटच पालटतो. त्या मुलाच्या शाळेच्या ओळखपत्रावर मी स्वहस्ते 'बी' लिहिले होते. ते कार्ड अद्याप त्याच्या पाकिटात होते. मी ते मागून घेतले. त्याचा गट आता बहिणीचा, म्हणजे 'ओ' आहे.