उसना आवाज आणि दंडारीचा गायक
एखाद्या गायकाच्या ध्वनिमुद्रणांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल घडवणे, म्हणजे ‘व्हॉइस क्लोनिंग’, हे विनापरवाना केल्यास व्यक्तिमत्त्व हक्कांचा भंग ठरतो, असे आशा भोसले यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये प्रथमदर्शनी मानले. त्याच महिन्यात गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेने वर्षभरात 7.5 कोटींहून अधिक भरताड गाणी हटवल्याचे सांगितले. साधन म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्या संगीतकारांवर मात्र तिने बंदी घातली नाही, आणि हा भेद योग्यच आहे. प्रश्न उरतो तो गावच्या गायकाचा. धानाची कापणी उरकल्यावर गोंदिया जिल्ह्यातील गावांत पहाटेपर्यंत रंगणाऱ्या दंडार या लोकनाट्यात गाणाऱ्याचा आवाज हीच त्याची पुंजी असते, पण उच्च न्यायालयाची पायरी चढणे त्याला परवडत नाही. म्हणून त्याच्या साध्या तक्रारीवरही नकली गाणे उतरवले गेले पाहिजे.