एम.टेक.ची दोन वर्षं जातात कशात?

मेकॅनिकलचं बी.ई. झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘एम.टेक. करायचंय’ असं जाहीर केलं, की घरात पहिली चौकशी होते ती पॅकेजची. चार वर्षं शिकून झाल्यावर आणखी दोन वर्षं नेमकं काय शिकणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर विचारायला हवं ते हेच.

आत जाण्याचा मुख्य रस्ता ‘गेट’ या प्रवेश परीक्षेचा. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण ॲप्टिट्यूडचे. बाकीचे गणित, एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), टीओएम (थिअरी ऑफ मशीन्स), थर्मो, फ्लुइड्स, प्रॉडक्शन या नेहमीच्या यशस्वी कलाकारांचे. स्कोअर तीन वर्षं चालतो. त्याच स्कोअरवर काही सरकारी कंपन्या भरतीही करतात, त्यामुळे परीक्षेला बसलेल्या अनेकांच्या मनात एम.टेक. नसतंच.

प्रवेश घेताना शाखा निवडावी लागते. आयआयटी मुंबईत थर्मल अँड फ्लुइड्स, डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग अशी विभागणी आहे. इतरत्रही थोड्याफार फरकाने हेच. गेटमधून आलेल्यांना महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात टीचिंग असिस्टंट (टीए) म्हणून बी.टेक.च्या मुलांची ट्युटोरियल्स घ्यायची, लॅब सांभाळायची, पेपर तपासायचे. पहिलं वर्ष असं कोर्सेस आणि ‘टीए’गिरीत सरतं. खरी कसोटी पुढे, प्रोजेक्टमध्ये.

सीएफडी म्हणजे प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवण्याचं काम. ते हाती घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला ‘लिड-ड्रिव्हन कॅव्हिटी’ येते. द्रवाने भरलेली चौकोनी पोकळी. तीन भिंती स्थिर आणि वरचं झाकण एका वेगाने सरकणारं. मध्ये एक मोठा भोवरा तयार होतो, खालच्या कोपऱ्यांत उलटे फिरणारे छोटे भोवरे. आपला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालतो, लाल-निळं चित्र पडद्यावर येतं आणि विद्यार्थी ते कौतुकाने गाईडला दाखवायला नेतो. गाईड चित्राकडे बघतही नाही. ‘घियाशी जुळतंय का?’ एवढंच विचारतो.

उर्मिला घिया, कीर्ती घिया आणि शिन या सिनसिनाटी विद्यापीठातल्या तिघांनी १९८२ साली हा प्रश्न रेनॉल्ड्स नंबर १०० पासून १०,००० पर्यंत सोडवला आणि पोकळीच्या मध्यरेषांवरचे वेग तक्त्यांत छापले. त्या तक्त्यांच्या ठिपक्यांवर आपली रेघ बसते का, हे आजही जगभरची मुलं तपासतात. बसली तरी सुटका नाही. ज्या चौकोनांत पोकळी विभागून गणित सोडवलं, ती जाळी दुप्पट बारीक करून तेच गणित पुन्हा चालवायचं. उत्तर हललं, तर ते द्रवाचं नव्हतं, जाळीचं होतं. चित्र मात्र चुकीच्या उत्तराचंही तितकंच देखणं येतं.

डिझाइनवाल्यांचा अनुभव याहून मजेदार. एखाद्या ब्रॅकेटचा आतला कोपरा धारदार ठेवून एफईए केलं, म्हणजे भागाचे बारीक तुकडे करून त्यातला स्ट्रेस संगणकावर काढला, तर जाळी बारीक करावी तसा कोपऱ्यातला स्ट्रेस वाढतच जातो; कुठेच स्थिरावत नाही. कारण थिअरीनुसार तिथे तो अमर्याद असतो. तिथला लाल ठिपका बघून ‘मॅक्स स्ट्रेस इतका’ असं रिपोर्टात लिहिणं म्हणजे जाळीच्या आकाराची नोंद करणं. कोपऱ्याला त्रिज्या दिली की मगच तो आकडा बोलायला लागतो.

सॉफ्टवेअर चालवणारे कंपन्यांना बरेच मिळतात. ते कुठे फसवतंय हे सांगू शकणारा माणूस मिळणं अवघड, आणि एम.टेक. करायचं ते तो माणूस होण्यासाठी, असं माझं मत आहे.

सगळीकडे हे घडतं असं नाही. कुणाच्या तरी पेपरातलं मटेरियल बदलायचं, टागुची पद्धतीने नऊ कट घ्यायचे, आलेख काढायचे आणि शीर्षकात ‘ऑप्टिमायझेशन’ घालायचं, असे प्रबंधही दरवर्षी निघतात. पदवी मिळते, नोकरीही लागते. पण ती दोन वर्षं कंपनीत काढली असती तर शिकणं कदाचित जास्त झालं असतं.

म्हणून निवडीचा नेहमीचा क्रम मला पटत नाही. आधी संस्थेचं नाव, मग शाखा आणि गाईड शेवटी, उरेल तो. हा क्रम उलटा करावा; पुढे पीएच.डी.चा विचार असेल, तर ते अधिकच गरजेचं. आवडलेल्या प्राध्यापकांकडे आत्ता शिकणाऱ्या मुलांना आधी गाठावं. लॅबमधली कोणती यंत्रं चालू आहेत आणि कोणती नुसती उभी आहेत, हे तीच मुलं खरं सांगतील. मागच्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात बघायला मिळाले तर सोन्याहून पिवळं. निष्कर्ष नंतर वाचा. आधी व्हॅलिडेशनचं, म्हणजे उत्तर पडताळून पाहण्याचं, प्रकरण उघडा. ते अर्ध्या पानात उरकलेलं असेल, तर दुसरा गाईड शोधलेला बरा.