आधी तास ठरले, मग काम

नोकरीसाठी न्यूझीलंडला आलेला मराठी माणूस पहिल्या काही आठवड्यांत एका गोष्टीने चक्रावतो. पाच वाजले की ऑफिस रिकामं होतं आणि मुलाला सरावाला न्यायचं म्हणून साहेबच आधी निघालेला असतो. इथली माणसं मुळातच निवांत, असं आपण म्हणून टाकतो. पण हा मोकळा वेळ कुणीतरी तोंडाने मागितला, अडून बसून मिळवला आणि मग तो कायद्यात उतरला. मागायचं काम अजूनही प्रत्येकाला आपलं आपणच करावं लागतं, म्हणून हे सारं नीट माहीत असायला हवं.

पेटोनीचा सुतार

सॅम्युअल पार्नेल हा लंडनचा सुतार. फेब्रुवारी 1840 मध्ये तो वेलिंग्टनजवळ पेटोनीच्या किनाऱ्यावर उतरला. जहाजातला सहप्रवासी जॉर्ज हंटर याने त्याला गोदाम बांधायला सांगितलं. पार्नेल तयार झाला, पण एका अटीवर: काम दिवसाला आठच तास. आठ तास झोपेचे आणि उरलेले आठ माणसाचे स्वतःचे. लंडनमध्ये सकाळी सहाला घंटा होते आणि तेव्हा हजर नसलेल्याची पाव दिवसाची मजुरी जाते, असं हंटरने सुनावलं. आपण लंडनमध्ये नाही, असं पार्नेलचं उत्तर होतं. वसाहतीत सुतार होते अवघे तीन. हंटरने मुकाट्याने अट मान्य केली.

पार्नेल तेवढ्यावर थांबला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. नवं जहाज लागलं की तो उतरणाऱ्या कारागिरांना गाठून आठ तासांचा नियम सांगे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कामगारांनी सभा घेऊन सकाळी आठ ते संध्याकाळी पाच अशी वेळ पक्की केली, आणि जो ती मोडेल त्याला बंदराच्या पाण्यात बुचकळायचं, हेही ठरवून टाकलं. 28 ऑक्टोबर 1890 ला देशात पहिल्यांदा लेबर डे साजरा झाला तेव्हा म्हातारा पार्नेल वेलिंग्टनच्या मिरवणुकीत होता. डिसेंबरमध्ये तो गेला.

त्याच वर्षी गिरणगावात

1890 हे साल आपल्याही ओळखीचं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारून मागण्या मांडल्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. सूर्यास्तापर्यंतचं काम हीसुद्धा त्या काळी सवलतच होती. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. पार्नेलच्या बाजूने सुतारांची टंचाई होती, लोखंड्यांच्या मागे फक्त माणसांची संख्या होती. म्हणून मला मुंबईची लढाई जास्त अवघड वाटते.

रजा आणि दिवाळी

न्यूझीलंडमध्ये 40 तासांचा आठवडा 1936 मध्ये कायद्यात आला. 2003 च्या हॉलिडेज अ‍ॅक्टखाली 2007 पासून वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा आहे. यातले दोन आठवडे सलग हवे असतील तर मालकाला ते द्यावेच लागतात, आणि मुलांना घेऊन कोल्हापूर-नाशिक गाठायचं तर ही तरतूद फार मोलाची. एका आठवड्याच्या रजेचे पैसे मागता येतात. घराचे हप्ते चालू असले की ते घ्यावेसे वाटतात, हे समजण्यासारखं आहे. तरी शक्यतो रजाच घ्यावी, असं मी सांगेन.

2022 पासून कृत्तिका नक्षत्राच्या पुनर्दर्शनाशी जोडलेल्या माओरी नववर्षाची, मातारिकीची, सुट्टी मिळू लागली. दिवाळीला सार्वजनिक सुट्टी नाही. लेबर डे ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी असतो. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं त्याच दिवशी आलं. एरवी सोय अशी की मालकाशी लेखी करार करून एखादी सार्वजनिक सुट्टी दुसऱ्या कामाच्या दिवशी घेता येते. ही तरतूद 2011 पासून आहे, आणि आपल्यातले बरेच जण ती वापरत नाहीत.

साडेसात तासांचा फरक

इथल्या उन्हाळ्यात घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेसहा. ऑकलंडला संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात जेमतेम साडेनऊ. तिथला सहकारी डबा घेऊन ऑफिसात शिरत असतो. भारतातल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांचा दिवस म्हणून संपतच नाही. ओट्यावर लॅपटॉप उघडा, एका कानात मीटिंग, कुकरची दुसरी शिट्टी, आणि गृहपाठाची वही घेऊन बाजूला उभं असलेलं पोर. रात्री नऊला सगळं आटोपून फोन लावावा तर तिकडे दुपारचा दीड, आई-बाबा जेवून आडवे व्हायच्या बेतात. अशा घरांत संध्याकाळच्या मीटिंगा आठवड्यात किती, हे नोकरी घेतानाच बोलून घ्यायला हवं. नंतर ते बोलणं निघत नाही.

चार दिवसांचा आठवडा

2018 च्या मार्च-एप्रिलमध्ये अँड्र्यू बार्न्स यांच्या ‘पर्पेच्युअल गार्डियन’ कंपनीने सुमारे 240 कर्मचाऱ्यांना आठ आठवडे पाच दिवसांच्या पगारात चारच दिवस काम दिलं. अट एकच, काम पूर्वीइतकं व्हावं. मीटिंगा आखडल्या गेल्या, आणि मध्येच कुणी बोलायला येऊ नये म्हणून टेबलावर छोटी निशाणं लागली. काम आणि घर यांचा मेळ बसतो असं म्हणणारे 54 टक्क्यांवरून 78 टक्क्यांवर गेले. काहींना मात्र चार दिवसांतली घाई जाचली. पुढे कंपनीने ही पद्धत कायम केली.

अर्ज कसा करायचा

वृद्धाश्रमात शिफ्ट करणाऱ्या परिचारिकेला किंवा ट्रक चालवणाऱ्याला त्या प्रयोगाचा थेट उपयोग नाही. त्यांच्या कामी येतो तो कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क. 2015 पासून तो पहिल्या दिवसापासून, प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे. अर्ज लेखी हवा. कुठला बदल हवा, कधीपासून, कायमचा की ठरावीक मुदतीसाठी, आणि तो सांभाळायला मालकाला काय फेरफार करावे लागतील, हे त्यात लिहायचं. मालकाने महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. नकार द्यायचा तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकीच एखादं सांगावं लागतं, जसं की ते काम इतरांत वाटून देणं शक्य नाही. ‘बुधवारी रात्रपाळी नको, सकाळी मुलाला शाळेत सोडायचं असतं’ एवढं साधं मागणंही या अर्जात बसतं.