प्लास्टरच्या मूर्तींची प्रतपरंपरा

एका ग्रंथाच्या वीस प्रति हातीं आल्या असतां हस्तलिखितांचा संग्राहक त्यांतील एकोणीस टाकून देत नाहीं. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हें ठरवून तो मूळ पाठाकडे जातो. सांच्यांतून काढलेल्या प्लास्टरच्या मूर्तींसही हाच न्याय लावावा, हें या लेखाचें प्रयोजन.

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मूर्तिकार प्रथम मातीचा नमुना घडवितो व त्यावरून सांचा घेतो. सांच्यांत प्लास्टर ओतून, बळकटीस काथ्या घालून, एकाच नमुन्याच्या पुष्कळ मूर्ति निघतात. पुढें विसर्जनानें प्रति नाहींशा होतात, झिजलेला सांचा टाकला जातो, आणि नमुना कोणाच्या हातचा याची नोंद क्वचितच राहते. म्हणजे प्रतींबरोबर आदर्शप्रत व कर्त्याचें नांव हींही जातात.

अमेरिकेंतील शिल्पकार जॉन रॉजर्स (१८२९–१९०४) याची गोष्ट निराळी. त्यानें सुमारे ऐशीं लहान मूर्तिसमूह रचिले व त्यांच्या मिळून सुमारे ऐशीं हजार प्लास्टर-प्रति खपल्या. कांशाच्या आदर्शप्रतीवरून तो सरसाचे लवचिक सांचे घेई. बैठकीवर विषयाचें व स्वतःचें नांव, पुष्कळदां पेटंटाची तारीखही असे. ही त्याची पुष्पिकाच होय. तिच्यामुळें संग्राहकांस त्याच्या कृतींची सूची करणें सुकर झालें.

आपल्याकडे अशी पुष्पिका बहुधा नसल्यामुळें सूचीकारानें मूर्तीचीच साक्ष घ्यावी. उंची, सांध्यांच्या रेघा, बैठकीखालील अक्षरें व रंगाचे थर नोंदावे. तयार मूर्तीवरूनच पुन्हां सांचा घेतला असल्यास दागिन्यांचें काम बोथट दिसतें; ती उपप्रत समजावी. त्याच सांच्यांतील शाडूची मूर्ति वाळतांना आकसते. म्हणून केवळ उंचीच्या फरकावरून सांचा निराळा मानूं नये. वरचा रंग खरवडूं नये; तुटक्या कडेपाशीं थर दिसतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींस मनाई सुचविली. जलाशयांच्या दृष्टीनें तें योग्यच. परंतु जुने सांचे अडगळींत जाण्यास तें आणखी एक निमित्त झालें. तेव्हां मूर्तिकार व त्यांचे सांचे आहेत तोंवर नमुना कोणाचा, कोणत्या सालचा, सांचा किती वेळां नवा केला, एवढें तरी विचारून लिहून ठेवावें. ज्या संग्राहकांपाशीं अशीं टिपणें असतील त्यांनीं तीं प्रसिद्ध करावीं.