आगीवर पोसलेले कुरण

उत्तर अमेरिकेतील उंच गवताची मूळ माळराने आज जेमतेम 4 टक्के उरली आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सलग पट्टा म्हणजे मुख्यतः कॅन्सस राज्यातले फ्लिंट हिल्स. इथल्या चुनखडीत चकमकीचे दगड इतके, की नांगर चालला नाही. गवत वाचले आणि त्यावर मांसासाठी पाळलेल्या गुरांची चराई उभी राहिली.

बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास ही इथली मुख्य बारमाही गवते. बिग ब्लूस्टेमची मुळे दोन मीटरहून खोल जातात. चरल्यावर नवी पाने उरलेल्या पानांच्या आणि बुडख्यातल्या साठ्याच्या बळावर फुटतात. म्हणून निम्मे गवत मागे ठेवायचे, हा जुना नियम. जनावरे जास्त झाली, तर पुढचा कोणताही उपाय कुरण वाचवत नाही. मे ते सप्टेंबरअखेर चरणाऱ्या एका गोऱ्ह्याला साधारण 4 एकर लागतात.

जुलैच्या मध्यानंतर गवत राठ होते, प्रथिने घटतात, वजन सावकाश वाढते. यावर कॅन्सस स्टेट विद्यापीठात 1970च्या दशकात वेगळी पद्धत तपासली गेली: सुरुवातीला दुप्पट गोऱ्हे सोडायचे आणि जुलैच्या मध्याला सगळे बाहेर काढायचे. एकरी मांस वाढते, शिवाय थंडीपूर्वी गवताला साठा भरून काढायला उसंत मिळते.

खरी किल्ली मात्र आगीत आहे. कान्सा, ओसेज हे मूळ रहिवासी माळ जाळत. आजचे पशुपालक बहुधा एप्रिलमध्ये जाळतात. वाळका थर गेला की जमीन लवकर तापते, कोवळे, सकस गवत उगवते आणि हंगामात दर गोऱ्ह्यामागे सुमारे 14 किलो वजन जास्त मिळते. रेडसीडार या झाडाची रोपेही मरतात. आग थांबली, तर काही दशकांत कुरणाचे रान होते.

पण दरवर्षी सगळे कुरण जाळणे चूक आहे. ग्रेटर प्रेअरी चिकन या पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या गवताचा आडोसा लागतो, आणि धुराने दूरच्या शहरांतही ओझोन वाढतो. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे सॅम्युएल फुलेनडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी 2001 मध्ये दुसरी वाट मांडली. दरवर्षी कुरणाचा एकच भाग, बहुधा तिसरा हिस्सा, जाळायचा. गुरे आपणहून ताज्या फुटव्याकडे जातात, बाकीचे गवत विसावते. आतल्या कुंपणाची गरजच नाही. गुरे आणि पक्षी दोघांनाही जागा देणारी हीच पद्धत या माळांना अधिक मानवणारी आहे.