फोन, बोटं आणि वाईट टीम : रँक नेमकी कुठे अडकते?

रँक अडकली की पहिला संशय फोनवर जातो, दुसरा नेटवर आणि तिसरा टीममधल्या त्या अनोळखी मुलावर, जो माइक बंद ठेवून एकटाच कुठेतरी लूट करत फिरत होता. रत्नागिरीत मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत कॉलेजच्या मुलांच्या कुठल्याही घोळक्यात ही तीन कारणं ऐकायला मिळतात. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण ते थोडं म्हणजे किती, हे कुणी मोजत नाही. मोजलं की नवख्या खेळाडूचा बराच पैसा वाचतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचे कष्ट योग्य जागी लागतात.

इथे बोलायचं आहे ते संघाने लढायच्या ऑनलाइन खेळांबद्दल. बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आठ किलोमीटर लांब-रुंद एरँगल नकाशावर शंभरापर्यंत खेळाडू उतरतात, चौघाचौघांच्या स्क्वॉडने. व्हॅलोरंटमध्ये पाच विरुद्ध पाच, आणि आधी 13 राउंड घेणारा जिंकतो. डोटा 2 आणि लीग ऑफ लेजंड्समध्येही पाच विरुद्ध पाचच, पण तिथे समोरच्यांचा तळ पाडायचा असतो. नियम वेगळे, तरी नवखा अडकतो ती जागा एकच आहे. तो लढत हरतो ती गोळी सुटल्यावर नव्हे, त्याआधीच्या वीस-तीस सेकंदांत. कुठे उभं राहायचं, कुणाला काय दिसलंय आणि आत्ता भिडायचं की नाही, हे ठरवायची वेळ तेव्हाच असते आणि ती निघून गेलेली असते.

आधी फोन. 60 फ्रेमवर चालणारा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, 120 फ्रेमवरचा 8.3 मिलिसेकंदांनी. म्हणजे महाग फोनने फार तर आठेक मिलिसेकंद वाचतात. दिसलेल्या गोष्टीवर साधी प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. त्या मानाने हा फायदा किरकोळ आहे. खरं नुकसान होतं ते फोन तापून 60 च्या फ्रेम 25 वर आल्या की. तेव्हा चित्र दर 40 मिलिसेकंदांनी आणि तेही धक्के खात येतं, आणि नेम धरणं अशक्य होतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हे रोजचंच आहे. उपाय फुकट आहेत : ग्राफिक्स ‘स्मूथ’वर आणा, फोनला शेवटपर्यंत पेलेल तेवढाच फ्रेम रेट ठेवा, कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून खेळू नका.

याच्याच शेजारचा गैरसमज म्हणजे यूट्यूबरचा सेन्सिटिव्हिटी कोड, म्हणजे बोट किती सरकलं की नेम किती फिरतो याचे त्याचे आकडे. तो त्याच्या पडद्याच्या मापाला, त्याच्या बोटांना आणि त्याच्या गायरोस्कोपच्या सवयीला बसलेला असतो. दर आठवड्याला नवा कोड टाकणाऱ्याचा हात कुठल्याच आकड्याला सरावत नाही. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये स्वतःचा एक आकडा शोधावा आणि महिनाभर त्याला हात लावू नये.

नेटचा हिशोब इतका सरळ नाही. ‘100 एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी पिंग का वाढतं?’ हा प्रश्न विचारणारा दोन वेगळ्या गोष्टी एक समजतो. एमबीपीएस सांगतं एका सेकंदात किती माहिती येते. पिंग सांगतं की एक निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो. चालू सामन्यात या खेळांना लागणारी माहिती फार थोडी असते, सिनेमा बघायला लागते त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी. निरोपाच्या वेळेचं मात्र भौतिकशास्त्र आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रत्नागिरी ते मुंबई केबल साडेतीनशे किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद होतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, म्हणजे नुसत्या अंतरामुळे रत्नागिरीचा मुलगा मुंबईच्या मुलापेक्षा जवळजवळ मागे पडतच नाही. सर्व्हर सिंगापूरचा निवडला तर मुंबईपासून पुढचं सुमारे 3,900 किलोमीटरचं अंतरच जाऊन-येऊन 40 मिलिसेकंदांच्या आसपास खातं, आणि प्रत्यक्षात आकडा त्याहून वर असतो.

मग गावात पिंग उसळ्या का मारतं? बहुतेक वेळा शेवटच्या काही मीटरांमुळे. राउटर ओटीवर, खेळणारा माडीवर आणि मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. किंवा मोबाइल डेटावर खेळताना संध्याकाळी एकाच टॉवरवर आलेला ताण. पिंग सतत 60 असेल तर हात त्याला सरावतो. पण 30 वरून 180 वर आणि परत खाली असं होत राहिलं, तर कुणीच सरावत नाही. तेव्हा प्लॅन वाढवण्याआधी राउटरच्या खोलीत बसून एक सामना खेळून बघा. त्याच खोलीत 5 गिगाहर्ट्‌झचं वायफाय वापरा. ते जाड भिंतींपलीकडे नीट पोहोचत नाही. आणि पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी राउटर बंद पडून सामना जातो, म्हणून त्याला एक लहान यूपीएस जोडणं हा महाग फोनपेक्षा शहाणपणाचा खर्च आहे.

आता बोटांच्या वेगाकडे येऊ. हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे, आणि पंचविशी ओलांडलेले अनेक जण त्यापायी खेळ सोडतात. 2014 मध्ये कॅनडाच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट 2 च्या 16 ते 44 वयोगटातल्या 3,305 खेळाडूंच्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या. पडद्यावर नवं काही समोर आल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ वयाच्या 24 व्या वर्षापासून हळूहळू वाढायला लागतो, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं होतं की मोठ्या वयाचे खेळाडू ही उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढतात : सोप्या आज्ञा, कमी श्रमाचे मार्ग. म्हणजे वेग घटतो हे खरं, पण त्याबरोबर खेळही घटलाच पाहिजे असं नाही.

संघाच्या खेळांत तर वेगाला आणखी कमी वाव आहे. नेम लागलेला असतो तो बऱ्याचदा आधीच तिथे रोखून ठेवलेला असतो म्हणून. नवखा चालताना नळी जमिनीकडे ठेवतो. शत्रू दिसला की ती वर उचलतो, बाजूला नेतो आणि मग झाडतो. जाणता खेळाडू नळी पहिल्यापासून डोक्याच्या उंचीवर, माणूस जिथून येईल त्या कडेला ठेवून चालतो. त्याला फक्त बोट दाबायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं, काय वेग आहे!

नेटमुळे होणारी एक गंमतही समजून घ्यायला हवी. भिंतीआडून झटकन बाहेर येणाऱ्याला कोपऱ्यात थांबलेला खेळाडू आधी दिसतो. थांबलेल्याच्या पडद्यावर बाहेर आलेला माणूस निरोपाच्या प्रवासाइतका उशिरा पोहोचतो. कॅम्प करून बसलं की आपल्याला फायदा, असं मानणाऱ्याला म्हणूनच कळत नाही की आपण आधीच रोखून बसलो असताना मेलो कसे. एकदा दिसलात की जागा बदला. त्याच फटीतून दुसऱ्यांदा डोकावू नका. एवढी एक सवय लागली तरी नवख्याचे कितीतरी बळी वाचतात.

‘किल जास्त तो खेळाडू भारी’ याबद्दल बोलताना आधी एक सांगायला हवं : बीजीएमआयच्या खालच्या टियरमध्ये समोर येणाऱ्यांपैकी बरेच जण माणसं नसून संगणकाने चालवलेले बॉट असतात. तिथल्या पंधरा किलच्या स्क्रीनशॉटवरून काहीच सिद्ध होत नाही. स्पर्धेत गुण कसे मोजतात ते बघा. अलीकडे रुळलेल्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6, मग 5, 4, 3, 2 आणि सातव्या-आठव्याला एकेक; प्रत्येक किलला 1. एरँगलवरच्या पोचिंकीत हॉट ड्रॉप घेऊन, म्हणजे गर्दीच्या जागी उतरून, चार किल करून बाराव्या क्रमांकावर संपलेल्या संघाला चारच गुण मिळतात. तीनच किल करून चौथा आलेला संघ सात नेतो. डोटा किंवा लीगमध्ये तर किलने सामना संपतच नाही. समोरच्यांचा तळ उभा असेल, तर तीस किल घेणारा संघही हरू शकतो.

कोकणातल्या मुलांना हे कबड्डीतून कळायला हवं. चढाईपटू निदान रेषा ओलांडून, गडी न मारता सुखरूप परतला, तर त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. समोर किती गडी आहेत, घड्याळात किती वेळ उरलाय आणि आपण आघाडीवर आहोत की पिछाडीवर, यावर ती चढाई ठरलेली असते. ऑनलाइन सामन्यात हाच मुलगा हा हिशोब का सोडून देतो? चौघांपैकी दोघं नॉक, झोन (खेळायला उरलेला सुरक्षित भाग) आखडतोय, आणि हा एकटा पुश करायला निघतो. भिडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : आपले किती जिवंत आहेत, पाठीमागे कव्हर आहे का, आणि जिंकलो तरी झोनमध्ये वेळेत पोहोचू का. यातल्या दोन गोष्टी विरोधात असतील तर स्मोक टाकून निघणं हाच चांगला खेळ आहे.

‘टीम वाईट मिळते म्हणून वर जात नाही’ आणि ‘सिस्टिम मुद्दाम हरवते’ ही एकाच तक्रारीची दोन रूपं. जोड्या लावायच्या पद्धतीचं मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी खेळाडूंची ताकद आकड्यात मांडायची रीत बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती 1960 मध्ये आणि जागतिक संघटना फिडेने 1970 मध्ये स्वीकारली. दोघांचे आकडे सारखे असतील, तर जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी. पाच-पाच जणांचे खेळ याच विचाराच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. म्हणून योग्य जागी पोहोचलेला खेळाडू साधारण निम्मे सामने हरतोच. पद्धत नीट चालली आहे याची ती खूण आहे. ज्याची खरी ताकद 100 पैकी 55 सामने जिंकायची आहे, त्यालाही त्या शंभरात कधीतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असते. यात कुणाचा कट नाही.

टीमचं गणितही आपल्या बाजूचं आहे. अनोळखी खेळाडू तुमच्या बाजूला चार, समोर पाच. वाईट खेळणारे नशिबाने वाटले गेले, तर शंभर सामन्यांत ते समोरच्यांच्या वाट्याला जास्त येतात. सगळ्या सामन्यांत सारखे असता ते फक्त तुम्ही. बीजीएमआयच्या टियरचं थोडं वेगळं आहे. तिथे टिकून राहिल्याचे गुण मिळतात आणि सामने भरपूर खेळणारा हळूहळू वर सरकतो. तेव्हा तिथला क्राऊन टियर म्हणजे कौशल्याइतकाच वेळेचाही आकडा आहे, हे धरून चालावं.

वेळेचा विषय निघालाच आहे, तर त्याचंही बोलू. टॉम स्टॅफर्ड आणि मायकेल ड्यूअर यांनी 2014 मध्ये एका साध्या ऑनलाइन खेळाच्या 8,54,064 खेळाडूंची नोंद तपासली. तितकेच डाव खेळूनही, मध्ये अंतर ठेवून खेळणारे हे सलग खेळणाऱ्यांपेक्षा पुढे गेले. सुरुवातीला वेगवेगळं करून पाहणाऱ्यांचेही गुण नंतर जास्त आले. रात्री दोनपर्यंत हरत बसून ‘आता एक जिंकूनच झोपतो’ म्हणणाऱ्याच्या हाती म्हणूनच फारसं लागत नाही. अठरा वर्षांखालच्यांना बीजीएमआयने दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे. शिकण्यासाठी तीन तास भरपूर झाले, दीड तासही पुरतो, पण त्यातली वीस मिनिटं स्वतःचं रेकॉर्डिंग बघण्यात गेली पाहिजेत. अख्खा सामना बघू नका. प्रत्येक मरणाआधीचं अर्धं मिनिट बघा आणि एकच विचारा : तेव्हा मला काय माहीत असू शकलं असतं? पावलांचा आवाज आला होता का? मिनीमॅपवर खूण होती का? मित्राने सांगितलं होतं का? डोटा 2 मध्ये तर खेळातच पूर्ण रिप्ले मिळतो. आणि तिथले शंभराहून जास्त हीरो सगळे शिकायच्या फंदात पडू नका. दोन-तीन घट्ट करा.

पालकांच्या मनातला एक गोंधळही दूर करायला हवा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सवर नाही. उलट त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळी ओळख दिली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हा पदकाचा प्रकार होता, आणि मे 2025 मध्ये बिहारच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तो प्रात्यक्षिक म्हणून खेळवला गेला. यातून पोट भरणारे मात्र फार थोडे आहेत. अभ्यास सोडून यात उडी घ्यायला सांगणाऱ्याचं ऐकू नये.

राहिला माइक. बरेच जण तो ओरडायला वापरतात किंवा बंद ठेवतात. ‘अरे मारला मला, इथेच आहे, इथेच!’ या वाक्यात मित्राच्या उपयोगाचं काहीच नाही. बीजीएमआयच्या पडद्यावर वरती होकायंत्राचे अंश दिसतात. ‘245 वर दोघं, दगडामागे, एक अर्धा’ एवढ्या शब्दांत दिशा, संख्या, जागा आणि जखम चारही येतात. मरणाऱ्याने हे सांगून गप्प बसायचं, कारण जिवंत असलेल्याला आता पावलं ऐकायची असतात.

इथे लहान गावातल्या मुलांना मोठा फायदा आहे, आणि तो वापरला जात नाही याचं मला वाईट वाटतं. मोठ्या शहरातला मुलगा बहुधा अनोळखी लोकांबरोबर अडखळत खेळतो. रत्नागिरीत एका वर्गातले, एका वाडीतले चौघं सहज जमतात, मराठीत बोलतात, एकमेकांचा स्वभाव ओळखतात. त्यांनी कामं वाटून घ्यावीत : एकाने निर्णय घ्यायचे, एकाने पुढे घुसायचं, एकाने लांबून नजर ठेवायची, एकाने स्मोक आणि औषधं सांभाळत मागे राहायचं. निर्णय चुकला तरी सामना संपेपर्यंत चौघांनी तोच पाळायचा. वाद नंतर, रेकॉर्डिंग समोर ठेवून. पंधरा दिवस हे चौघं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उतरून खेळले, तर कुठल्या घरात कुणी थांबायचं हे त्यांना बोलावंही लागणार नाही, आणि झोन आखडताना बोलायला उरलेला वेळ शत्रूबद्दल सांगायला मिळेल.